पन्नास पावलं

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर एक लांब कॉरिडॉर होता. एका टोकाला तपासणीची खोली, दुसऱ्या टोकाला कोरी भिंत, डाव्या हाताला चार बाकं. जमिनीवर बरोबर तीस मीटरच्या अंतरावर दोन केशरी शंकू ठेवलेले असत. ज्यांचं हृदय पार थकून गेलंय अशा माणसांना व्यायामबाई तिथे चालवायच्या.

हे नाव त्यांना पेशंटांनीच ठेवलं होतं. पूर्वी अशा माणसाला खाटेवरून हलू देत नसत. पण मोजूनमापून चालवलं तर त्याच हृदयावर माणूस जास्त चालू लागतो, हे बाईंनी वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत, सहा मिनिटं. दम लागला तर बाकावर टेकायचं. बोटाला नाडी दाखवणारी क्लिप, कमरेला पावलं मोजणारं यंत्र. "घाई नाही, शर्यत नाही," हे बाईंचं पालुपद.

मोजणीकाका त्यांच्याकडे आले तेव्हा चार पायऱ्या चढल्या की कठडा धरून उभे राहायचे. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे, पण दाढी रोजच्या रोज गुळगुळीत. हृदयाचं काम जेमतेम एक पंचमांशावर आलेलं. काकू बरोबर यायच्या आणि पर्स मांडीवर घेऊन तपासणीच्या खोलीत बसून राहायच्या.

तिसऱ्या आठवड्यात काका म्हणाले, "बाई, तुमचा हा कॉरिडॉर तीस मीटरचा नाही."

"टेप लावून मोजलाय, काका."

"मीही जन्मभर तेच केलंय. माझं पाऊल साठ सेंटिमीटरचं, त्यात फरक पडत नाही. पन्नासाव्या पावलाला शंकू यायचा. आज एकसष्ट झाली."

पाऊल आखूड पडत असेल, बाईंच्या मनात आलं. पण यंत्रही एकसष्टच दाखवत होतं, आणि शेजारून चालताना त्यांनी स्वतः मोजलेली काकांची पावलं होती पन्नास. यंत्र बिघडलं म्हणून त्यांनी दुसरं बांधलं. पुढच्या खेपेला त्यानं त्र्याहत्तर दाखवली.

बाईंचा स्वभाव असा, की शंका आली की तिचा छडा लावल्याशिवाय घास उतरायचा नाही. एका सकाळी त्यांनी शिपाईमामांना दोन शंकूंच्या मधे पावडर भुरभुरायला लावली. मामांनी तोंड वाकडं केलं, "आता फरशीलाही घाम येतो का?" पण पावडर टाकली. काका त्यावरून एकदाच गेले. बाईंनी गुडघ्यावर बसून ठसे मोजले. पन्नास. सगळे सारख्या अंतरावर, एकही पुसट नाही. यंत्रावर मात्र एकशे अठरा.

म्हणजे अडुसष्ट पावलं काका चालले होते. ती पडली कुठे?

"तिसऱ्या बाकानंतर," काका म्हणाले. ते गावाचा रस्ता सांगावा तसं सांगत होते. "तिथून भिंत नसतेच. नुसती सपाट जमीन. एवढी सपाट मी कुठल्या मोजणीत पाहिली नाही. हवा गार आहे. आणि बाई, तिथे दम लागत नाही हो."

बाईंनी क्लिपकडे पाहिलं. निघताना नाडी एकशे आठ होती. चालून आलेल्या माणसाची वाढायला हवी. काकांची ब्याऐंशी झाली होती. मोठ्या डॉक्टरांना आकडे दाखवले तर ते खूश झाले. "सुधारणा आहे. चालू ठेवा."

काकूंना मात्र ते पटत नव्हतं. "घरी न्हाणीघरापर्यंत जाताना यांची दमछाक होते," त्या म्हणाल्या, "आणि इथून येतात ते फिरायला जाऊन आल्यासारखे. कुठे नेता तुम्ही यांना?"



पुढच्या आठवड्यात काका आले. शंकूपाशी उभे राहिले, पण पाऊल उचलेनात.

"तिकडे कुणी आहे का, काका?" बाईंनी विचारलं. आपण असा प्रश्न विचारतोय याचं त्यांना नवल वाटलं.

"दिसत नाही कुणी. पण मागून आकडे ऐकू येतात. माझीच पावलं कुणीतरी मोजतं." ते थांबले. "माझ्या एक आकडा पुढे."

"मग आज नको."

"एकदा तुम्ही हात धरून चला. मोजणीत चूक असेल तर दोघांनी मोजलेली बरी."

बाईंनी काकांचं मनगट धरलं. बोटं थेट नाडीवर ठेवली. दोघं निघाली.

पहिलं बाक. दुसरं बाक. नाडी जोरात, जराशी अडखळत चालली होती. खोलीतून काकूंच्या खोकल्याचा आवाज आला. फरशीवर उन्हाचा एक चौकोन होता, तो त्यांनी ओलांडला.

तिसरं बाक.

बाईंनी मनगट सोडलं नाही. डोळ्याची पापणीही लवली नसेल. पण बोटांखालची कातडी एकाएकी थंड आणि ओलसर लागली. नाडी अगदी संथ झाली होती.

त्यांनी वळून पाहिलं.

काकांच्या गालावर पांढरे खुंट होते. दोन दिवसांचे तरी.

"हात का सोडलात?" काका हळूच म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "किती हाका मारल्या तुम्हाला."

यंत्रावर नऊ हजार चारशे सहा पावलं होती.

त्या दिवसापासून बाईंनी काकांचं कॉरिडॉरमधलं चालणं बंद केलं. काकांनी एका शब्दानं विरोध केला नाही. खोलीतल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर ते दहा-दहा मिनिटं पाय मारायचे आणि इतर चारचौघांसारखे धापा टाकायचे. बाईंना ती धाप ऐकून बरं वाटायचं. पण महिनाभरात पायांवर सूज चढली, रात्री आडवं होता येईना, आणि मग त्यांचं येणंच थांबलं. ते घरीच गेले, दुपारी, उशांना टेकून बसल्या बसल्या. आजारच तसा होता. कुणालाच धक्का बसला नाही.

पंधरा दिवसांनी काकू आल्या. बाईंनी त्यांना पाणी दिलं. बराच वेळ दोघी इकडचं तिकडचं बोलल्या.

"दोन वाजता डॉक्टरांनी तपासून सांगितलं, संपलं म्हणून," काकू मग म्हणाल्या. "छातीत काही नाही, मनगटात काही नाही. पोरं यायची होती, म्हणून मी पायाशी बसून राहिले. सवयीनं पाय चेपत होते. तर पोटऱ्या हलत होत्या हो. एक आवळायची, ती सुटली की दुसरी. चालतो ना माणूस, तश्शा. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, चालू देत."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत. आधी सावकाश, एका लयीत." काकूंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "एवढंच विचारायला आले. तुम्ही तर त्यांना कधी घाई करू दिली नाहीत. मग शेवटी शेवटी ते धावत का होते?"