नवरीच्या नावाची पाटी

ऑफिसातल्या निशाच्या लग्नाला मी गेले ती केवळ जेवायला. खरं सांगते — हिंजवडीच्या कंपनीबसमध्ये बसून बसून आनंद करायचीही ताकद उरली नव्हती. राजीनामा दिला होता. उद्या स्वारगेटहून गावची, उमरग्याची बस, आणि रविवारी मला बघायला मुलगा येणार होता.

वारज्याच्या कार्यालयाच्या दारात मात्र पाय थबकले. फोमशीटमधून कापलेली पाटी... आणि नवरा-नवरीची नावं चक्क माझ्या अक्षरांत! मी घडवलेला फॉन्ट, 'त्रिज्या'. कंपासने काढावेत तसे गोल, सरळ दांडे, तासलेले कोपरे, वर शिरोरेषा नाही. कंपनीच्या अंतराळयानाच्या गेमसाठी केला होता. "यात भावनाच नाही," म्हणून साहेबांनी परत केला. मग मीच वैतागून नेटवर फुकट टाकला.

"मॅडम, सरका. नवरीचा 'शा' सुटतोय."

स्टुलावर पाटी लावणारा एक तरुण, हातात गोंद.

"ही अक्षरं कुठून आणलीत?"

"नेटवरून. का, तुमच्या घरची आहेत?"

"हो. माझीच आहेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला... आणि 'शा' माझ्या पायावर पडला.

"तुम्ही दीपमाला? फॉन्टखाली नाव होतं. मला वाटलं, कुणीतरी चष्मेवाल्या आजी असतील!"

"अहो, पण लग्नाला हे?"

"मग काय झालं? कटर सरळ फिरतो, समोरच्या पुलावरनं वाचता येतं. इथं चार कार्यालयं शेजारी-शेजारी. पाहुणे भलत्याच लग्नात जेवून, आहेर देऊन येतात. आमची पाटी असली की कुणी चुकत नाही."

"यात भावना नाही म्हणतात."

"कोण म्हणतं? दर लग्नात नवरीचा बाप या पाटीपाशी उभा राहून डोळे पुसतो. नाव वाचून."

इतक्या दिवसांचं साठलेलं रडू तिथंच फुटलं. वऱ्हाडी बघायला लागले तसा तो घाईने म्हणाला, "आधी जेवा बरं. मठ्ठा झकास झालाय."

पंगतीत शेजारीच बसला. मी उद्याचं, रविवारचं, सगळं सांगून टाकलं. का, कोण जाणे. तो जिलबी नुसती मोडत राहिला.

"म्हणजे तुमचीही पाटी लागणार."

"कापाल?"

"तुमचं नाव कापेन. वर्षभर तुमची अक्षरं हाताळतोय, ओळख आजची नाही माझी. पण... शेजारचं दुसरं नाव माझ्याच्यानं नाही कापवणार."

माझा घास हातातच राहिला. "तुमचं नाव काय?"

"समर्थ."

मी मनातल्या मनात ते नाव त्रिज्येत मांडून पाहिलं. बरं दिसत होतं.

हात धुऊन आईला फोन लावला. "रविवारी त्यांना येऊ नका म्हणून सांग. मीही उद्या निघत नाही."

"का गं? काय झालं?"

दारात समर्थ तो पडलेला 'शा' पुन्हा चिकटवत होता, नजर मात्र माझ्याकडे.

"दमलेय गं आई... जरा इथंच बसते."

आणि त्याच्या स्टुलाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.