शिडाच्या गाठी

ऐंशी सालच्या वैशाखातली गोष्ट. नारायण पेठेत पुस्तकबांधणी करणारा नियाज आणि धायरीचा जयसिंग, दोघांनी मिळून एक जुनी शिडाची होडी घेतली होती. रविवारी दुपारी ती खडकवासल्याच्या पाण्यात घालायची, हा त्यांचा दहा वर्षांचा नेम.

त्या रविवारी नियाज काठावर पोचला, तर जयसिंग आधीच होडीत बसलेला. डोक्यावर टॉवेल, तोंड पलीकडे. नियाजनं सुकाणू धरलं. मध्यावर आले आणि पानशेतच्या बाजूनं आभाळ काळवंडलं. वारा भरला, होडी एका अंगावर झुकू लागली.

"शीड कमी करायला हवं! मी खाली घेतो, तू गुंडाळून बांध."

नियाजनं दोर सोडत शीड अर्ध्यावर आणलं. जयसिंग वाकून खालचं कापड आडव्या दांड्याला बांधू लागला. त्याच्या अंगाला गाळाचा कुबट वास येत होता.

"घट्ट बांधलंस ना?"

"व्हय... वढ आता."

नियाजनं शीड पुन्हा वर चढवायला दोर ताणला. एकही गाठ मारलेली नव्हती. सगळं शीड फाडकन उलगडलं, वाऱ्यानं भरलं आणि होडी उलटली. पडता पडता नियाजनं पाहिलं, जयसिंग जागचा हललासुद्धा नव्हता.

कसाबसा पोहत तो काठाला लागला. तिथं बाभळीखाली जयसिंग बसला होता. कपडे कोरडे ठणठणीत.

"तू... कधी आलास?"

"म्या गेलोच न्हाई." जयसिंगची मान वर होईना. "गेल्या रविवारी तू आला नव्हतास. तरी माझ्यासंगं होडीत तूच हुतास, नियाज. मला बुडवाय लागलास. म्या पाय धरलं, तवा तुझ्या रूपातला त्यो म्हनला... दुसरा आण."

"आणि तू मलाच त्याच्या हवाली केलंस?"

"घरी ल्हान लेकरं हायती रे."

"मलाही आहेत, जयसिंग. त्यांच्या बारशाला जेवलायस तू."

जयसिंगनं त्याच्या ओल्या कपड्यांकडं पाहिलं. "पर तू तर... परत आलास."

तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. "जयसिंग... चल ना!"

आवाज हुबेहूब नियाजचा होता. होडी सरळ झाली होती. जयसिंग झोपेत असल्यासारखा उठला आणि पाण्यात शिरला. जाता जाता त्यानं एक हात मागं केला, नियाजनं धरावा म्हणून.

नियाजनं तो धरला नाही.

जयसिंग अजून गुडघाभर पाण्यातच होता. होडीत मात्र दोघं जण बसलेले दिसत होते: एक डोक्यावर टॉवेल घेतलेला, दुसरा सुकाणू धरलेला, हुबेहूब नियाज.