चौसष्ट एमबीत कोण होतं?

कुणी हसलं तरी चालेल. मी स्वतः तिथं बसलो होतो, आणि माझं डोकं ठिकाणावर होतं.

जुलै २००६. कसबा बावडा. दिवेलागणीची वेळ.

माझा आतेभाऊ कृष्णातदा गगनबावड्याच्या घाटात अपघातात गेला, त्याला दोन महिने झाले होते. मागे राहिल्या संयोगिता वहिनी आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. मेमरी फक्त चौसष्ट एमबी. विंडोज त्यावर रांगत होतं. राजारामपुरीतले क्लासवाले वहिनींना प्रश्नपत्रिका टाइप करायला द्यायला तयार होते.

"भावजी, हे चाललं तर मी हितं ऱ्हाईन. न्हायतर माहेरी जावं लागंल की."

म्हणून मी हार्डडिस्क पूर्ण पुसली आणि विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं. जुन्या मशीनवर ते छान पळतं. पळालंही.

पण थोड्या वेळानं डिस्क खरखरायला लागली...

मेमरी पुरेना झाली की लिनक्स डिस्कवर जागा घेतं, तेव्हा अशी खरखर होते. इथं तर एकही प्रोग्रॅम उघडा नव्हता. तरी मेमरी भरलेली. कुणीतरी जागा अडवून बसल्यासारखी.

मी वैतागून मशीन बंद करायला घेतलं. काळ्या स्क्रीनवर, अगदी खाली, इंग्रजी अक्षरांत एकच शब्द आला...

येतो.

वहिनींचा चेहरा उतरला.

"त्या दिवशी निघताना ह्यांनी 'जातो' म्हटलं. आमचं भांडण झालतं. 'येतो म्हणा' असं मी म्हटलंच न्हाय."

मला त्यांची दया आली, आणि भीतीही वाटली. "जुनी फाइल राहिली असेल," मी म्हणालो. राहणं शक्य नव्हतं. मीच सगळं पुसलं होतं.

मग मी डिस्कच काढली. लिनक्स सीडीवरून चालवलं. सीडी नुसती घुमते, खरखरत नाही.

आणि खरखर सुरू झाली...

डिस्क माझ्या हातात होती.

मी पुन्हा मशीन बंद करायला घेतलं. स्क्रीन काळी झाली.

आलो.

बाहेर फाटकाची कडी वाजली...

"वहिनी, उघडू नका."

"घरच्या माणसाला भाईर उभं करू व्हय?"

त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. वहिनी मात्र बाजूला सरकल्या, कुणाला तरी आत वाट दिल्यासारख्या.

"आता बघा भावजी. चालंल."

मी डिस्क बसवून मशीन सुरू केलं. खरखर नव्हती.

मेमरी निम्मी मोकळी होती.

मला तिथं क्षणभरही थांबवेना. उंबऱ्यावरून मी सवयीनं म्हणालो, "येतो."

"या," वहिनी म्हणाल्या.

आणि त्यांच्या मागून, हळूच...

"ये."

वहिनी मला कधी अरेतुरे करत नाहीत. त्या घरात मला 'ये' म्हणणारा एकच माणूस होता.

वहिनींचं काम जोरात चाललंय, असं कळतं. मी परत गेलेलो नाही.

पण 'येतो' म्हणून आलोय ना...