उजवीकडच्या तीन कुंड्या

वरून पाणी टपकलं ते थेट व्हायोलिनवर. खालच्या मजल्यावर वाद्यं दुरुस्त करणारा तो तरुण, सगळी इमारत त्याला सूरवाला म्हणायची, ओलं व्हायोलिन छातीशी धरून तरातरा जिना चढला. भांडायलाच निघाला होता. पण दार उघडलं ते तिने… कोपरापर्यंत मातीचे हात, कानामागे पेन्सिल.

"टोमॅटोला जरा जास्त झालं वाटतं पाणी," ती ओशाळून म्हणाली.

"टोमॅटो? घरात?"

"प्रयोग आहे."

खिडकीशी सहा कुंड्या होत्या. दिवसभर ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत राबायची, पण जीव अडकला होता बियाणं संशोधन केंद्रात. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, घरी एक प्रयोग कर, वही आणून दाखव, मग जागेचं बघू. आणि इथे पिवळीधमक फुलं यायची नि फळ न धरताच गळून पडायची.

"घरात वारा नाही ना. फूल थरथरलं नाही तर पराग झडत नाहीत. टिचकी मारून पाहिली, तर फूलच हातात आलं."

त्याने व्हायोलिन खाली ठेवलं. मग खिशातून नादकाटा काढला, वाद्याचा सूर जुळवायचं ते पोलादी दुबेळकं. गुडघ्यावर आपटून देठाला अलगद टेकवलं. बारीकशी गुणगुण… आणि तिच्या वहीच्या काळ्या पुठ्ठ्यावर पिवळी धूळ उतरली. दोघांनी एकदमच वर पाहिलं, आणि एकदमच नजर दुसरीकडे वळवली.

मग रोज सकाळी तो यायला लागला. डावीकडच्या तीन कुंड्यांना नादकाटा लावायचा. उजवीकडच्या तिघींना मात्र हातही लावायचा नाही, त्या तुलनेसाठी.

"शास्त्रज्ञबाई, तुमचा भुंगा आलाय हो!" तिची आत्या स्वयंपाकघरातून हाक द्यायची. भुंगा कानापर्यंत लाल व्हायचा.

डावीकडे फळं धरली. तिसऱ्या आठवड्यात उजवीकडच्या देठांवरही हिरवे मणी दिसले. वही दाखवायला आठच दिवस उरले होते.

"तुम्ही यांना हात लावलात?"

"तुम्ही कामावर गेल्यावर… आत्यांनी दार उघडलं होतं."

"मला नका रे गोवू त्यात!" आतून आवाज आला.

"सगळ्यावर पाणी फिरवलंत! आता तुलना कशाशी करू मी?"

"वहीत लिहूच नका ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

त्याची मान खाली गेली. "मग मी येतो बाईंकडे. माझी चूक मीच सांगेन."

"कारण विचारतील त्या." तिने वही उघडली, पेन्सिल काढली. "बोला, लिहून घेते."

तो कुंड्यांकडे वळला. "गळलेली फुलं तुम्ही तळहातावर घेऊन मोजायचात. मोजून झालं की… तोंड फिरवायचात. मला ते—"

"ते काय?"

"बघवायचं नाही."

पेन्सिल कागदावरच थबकली. "हे असलं वहीत नाही लिहिता येत," ती हळूच म्हणाली.

बाकी सगळं मात्र तिने खरं खरं लिहिलं, आणि एकटीच जाऊन दाखवून आली. बाईंनी वही दोनदा वाचली. म्हणाल्या, प्रामाणिक आहेस, पण प्रयोग बिघडलाय. यंदाची जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या हंगामात पुन्हा करून आण.

परतताना ती जिना चढली नाही. त्याच्या दारातच थांबली. तिचा चेहरा बघून तो हातातलं काम टाकून उठला.

"गेली ना जागा? माझ्यामुळे…"

"यंदाची गेली. पुन्हा पेरायचंय. आणि या वेळी कितीही फुलं गळू देत, उजवीकडे हात लावायचा नाही."

"आणि तुम्ही तोंड फिरवलंत तर?"

"तर…" तिने ओठ चावला. "तर फुलांना हात लावायचा नाही, माझा हात धरायचा."

त्या काळी मुली असं तोंडावर बोलत नसत. ती बोलली, आणि पळून न जाता तिथेच उभी राहिली.