सुट्या गाण्यांचं गिऱ्हाईक

सर आली तशी चाकणजवळच्या महाळुंग्याच्या बसथांब्यावरची माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. त्यातला एक उंच, सडपातळ मुलगा नेमका सायलीच्या मोबाईल दुकानाच्या दारात येऊन थांबला. नुसता थांबला, घेणं ना देणं.

"वाट सोडा की जरा," सायली म्हणाली. "गिऱ्हाईक आत कसं येणार?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, गिऱ्हाईक कुठून यायचं? पण तो बिचारा ओशाळला. घाईघाईनं त्यानं एक मेमरी कार्ड विकत घेतलं आणि म्हणाला, "यात एक गाणं बी टाकून द्या."

सायलीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रिचार्ज आणि चार्जर ती विकायचीच, पण दुकानाची खरी कमाई गाण्यांवर. कंपन्यांतली पोरं कार्ड आणून द्यायची आणि ती कॉम्प्युटरला लावून गाणी भरून द्यायची. एका गाण्याला दोन रुपये, अख्खं कार्ड भरायला चाळीस. चाळिसात शेकडो गाणी मिळत असताना दोन रुपयांचं एक कोण घेतं? ती दुकानात बसायला लागल्यापासून कुणीच घेतलं नव्हतं. एका गाण्याचा दर तिनं लिहिला होता तो केवळ लोकांना चाळीस स्वस्त वाटावेत म्हणून.

"कोणतं टाकू?"

"तुम्हाला आवडेल ते…"

पाऊस थांबला. तो मात्र आणखी थोडा वेळ तिथंच होता.

नाव समाधान. औशाकडचा, लातूर जिल्ह्यातला. इथं गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत कामाला, आणि गुरुवारी कंपन्यांना सुट्टी म्हणून दर गुरुवारी तो हजर. पुन्हा तेच कार्ड, पुन्हा एकच गाणं, पुन्हा 'तुम्हाला आवडेल ते'. सायलीनं हिशोब समजावून पाहिला, वैतागून पाहिलं. शेवटी एकदा म्हणाली, "अहो, भरून घ्या एकदाचं. तुमचाच फायदा आहे."

"एवढी गाणी एकदम घेऊन काय करू?"

"ऐका."

"मागच्या गुरुवारचं अजून ऐकून होईना…" तो म्हणाला, आणि कार्ड खिशात टाकून निघून गेला.

असा चक्रम माणूस! पण खरं सांगायचं तर बुधवारी रात्रीपासूनच सायली मनातल्या मनात गाणी निवडायला लागली होती. हे नको, फार उघड होईल. ते नको, त्यात विरह आहे. गुरुवारी केस धुवायचे हेही आता ठरून गेलं होतं. आईनं विचारलं, तर म्हणे, दुकानात धूळ फार असते. धूळ काय फक्त गुरुवारी असते?

मग एका सोमवारी एक ठेंगणा, बडबड्या मुलगा आला आणि त्यानं कार्ड काउंटरवर ठेवलं. त्याचं नाव कुलदीप. "ताई, यातलं सगळं पुसा आणि नाचायची गाणी भरून द्या. नुसती हळवी गाणी आहेत यात, झोप येते."

सायलीनं कार्ड लावलं. तिचीच गाणी, तिनं टाकलेल्या क्रमानं. तिच्या हातातला माउस जागीच थांबला. हे कार्ड कुणाचं, असं तिनं शक्य तितक्या थंडपणे विचारलं. कुलदीपला काय, बोलायला कारणच पाहिजे होतं. रूमवर समाधान नावाचा मित्र आहे, त्याच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन चालत नाही, म्हणून त्याच्याकडे टॉर्चवाला साधा फोन. त्यात कार्ड घालायला जागाच नाही. तरी पठ्ठ्या दर गुरुवारी एक गाणं विकत आणतो आणि कुलदीपच्या फोनवर रात्रभर तेच ऐकतो. "लई समजावलं, ऐकतच नाही," कुलदीप म्हणाला.

सायलीनं एकही गाणं पुसलं नाही. त्याला दुसरं कार्ड भरून दिलं, तेही फुकट. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून ती एकटीच हसत बसली. इतका आनंद तिला बारावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

गुरुवारी समाधानला चांगलं खेळवायचं, असं तिनं ठरवलं. पण गुरुवारी तो आलाच नाही. कुलदीपनं रूमवर जाऊन सगळं सांगितलं असणार, आणि चोरी पकडली गेल्यावर साहेब लाजून बसले असणार. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. आणि नेमकं त्याच सुमारास ते नवं सिमकार्ड आलं, इंटरनेट फुकट. पोरांनी चाकणात रांगा लावल्या. ज्याला जे गाणं पाहिजे ते बोटावर, एक पैसा न देता. आठवडाभर सायलीच्या दुकानात कुणी कार्ड घेऊन आलं नाही. चाळिसाचे वीस केले, विसाचे दहा केले, तरी नाही.

वडिलांनी, भिमाजींनी, फार वाट पाहिली नाही. सेफ्टी बूट विकणारा एक भाडेकरू पुढच्या महिन्यापासून गाळा घ्यायला तयार होता. सायलीनं ऐकून घेतलं. दुकान गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण ते निभावलं असतं. तिचा जीव तुटत होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. गाणं फुकट झालं, आता तो कशाला येईल? आणि आलाच तर कुठं येईल? ना तिच्याकडे त्याचा नंबर, ना त्याच्याकडे तिचा. आणि मुलीनं रूम शोधत जायचं म्हणजे गावभर बोभाटा.

शेवटच्या गुरुवारी बापलेक दुकान आवरत होते. सायली चार्जर खोक्यात भरत होती. दारात सावली पडली, आणि वर न बघताच तिला कळलं.

"काय पायजे रं?" भिमाजींनी विचारलं.

"काही नको, मामा."

"मंग? रिचार्ज हाय का?"

"नाही."

समाधाननं हात मागे बांधले, परत पुढे आणले. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला होता. सायलीला वाटलं, हा आता 'चुकलो' म्हणणार आणि पळणार. पळू नकोस रे, एवढंच ती मनात म्हणत होती.

"मी सायलीला भेटायला आलोय," तो म्हणाला. "आजवर गाणं घ्यायला यायलो होतो. आता गाणं फुकट मिळायलंय, इथं यायला काही कारणच उरलं नाही… दोन गुरुवार रूमवर बसून बघितलं, करमलं नाही. म्हणून तसाच आलो."

भिमाजींनी हातातली दोरी खाली ठेवली आणि लेकीकडे पाहिलं. नजर काही मऊ नव्हती. "वळखतीस का ह्याला?"

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. सायलीचे कान तापले, पण मान खाली गेली नाही.

"व्हय, आबा. मी बी वाटच बघत हुते."

भिमाजींनी पायानं स्टूल पुढे सरकवलं. "बस. गाव कंचं, घरी कोन कोन, समदं सांग. उभ्या उभ्या न्हाई सांगायचं." आणि सायलीला म्हणाले, "च्या आन तीन."

सायली लगबगीनं निघाली. टपरीपर्यंत गेली आणि तिच्या लक्षात आलं, इतके गुरुवार गेले, पण तो चहा कसा घेतो हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. ती परत आली. आबा समोरच बसले होते. तरी ती दारातूनच म्हणाली, "समाधान, तुला साखर किती सांगू?"