मी ज्याला यंत्र ठरवलं

मी धावत जाऊन दार उघडलं. आत माणूस नव्हता... होतं फक्त एक लोखंडी कपाट, घुं घुं करणारं!

तेव्हा मी बावीस वर्षांची, एका प्रयोगशाळेत टंकलेखिका. माझ्या टेबलावर दोन टंकयंत्रं होती. दोन्हींच्या तारा भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत जायच्या. एका खोलीत माणूस, दुसरीत माणसासारखी उत्तरं देणारं यंत्र. मी प्रश्न टाइप करायचे, उत्तरं समोर उमटायची. आठ दिवसांनी ओळखायचं – माणूस कोण?

मला शंकाच नव्हती. डावीकडचा किती गोड बोलायचा! ‘आज दमलात का?’ विचारायचा. मी इतकी गुंतले, की आईला सांगून बसले, “स्थळं बघू नकोस, मला एकजण आवडलाय.” उजवीकडचा अगदीच ठोकळा. त्याला मी बेधडक यंत्र ठरवलं.

आणि डावीकडे हे कपाट!

“मला यंत्र ठरवणाऱ्या बाई तुम्हीच का?”

दचकून वळले. कानावर पेन्सिल खोचलेला, सडपातळ मेकॅनिक.

“तुम्ही... माणूस आहात?”

“आई तरी तसंच म्हणते.”

मला हसू येईना, रडू आवरेना. “एकटं वाटतं का विचारलं, तर ‘माहीत नाही’ असं लिहितं का कुणी?”

“खरंच माहीत नव्हतं हो. तासभर विचार केला.”

“त्याने लगेच किती सुंदर लिहिलं होतं... त्याला काहीच वाटत नव्हतं?”

त्याने कपाटावर हात ठेवला. “याच्या सगळ्या तारा मीच जोडल्यात. पण वाटणं तारेत दिसत नाही. माझ्यातलं तरी तुम्हाला कुठे दिसलं?”

“आता आईला काय सांगू?” मी रडतच सगळं बोलून गेले. “जो आवडला तो कपाट निघाला म्हणू?”

तो हसला नाही. त्याने खिशातून कागदाचं भेंडोळं काढलं. माझे आठ दिवसांचे सगळे प्रश्न... एकही फाडलेला नव्हता.

“उद्या संध्याकाळी मी येऊ घरी? आईंना भेटायला?”

मी थक्कच झाले. “अहो, ओळख ना पाळख!”

“आठ दिवस उलटतपासणी केलीत. अजून काय राहिलंय?” बोलताना त्याचे कान लालबुंद झाले होते.

“या,” मी म्हणाले... आणि स्वतःच चपापले. हा शब्द माझ्या आतून नेमका कुठून आला, ते आज इतक्या वर्षांनीही मला सांगता यायचं नाही.