एकशे चारच्या पुढच्या ओळी

कारंजा घाडग्यात लॅपटॉप लावून गाड्या नीट करणारी बाई मी एकटीच. लोकांना अजून नवल वाटतं, मला आता कंटाळा येतो. ढाब्यामागे आमचं पत्र्याचं शेड आहे. समोरून नागपूर-अमरावतीचे ट्रक दिवसभर जात असतात. प्रेमदास, माझा नवरा, पिकअप चालवायचा आणि मी हे काम करायचे. तो गेला त्याला या मे महिन्यात दोन वर्षं झाली. ताट एकटीचं वाढायची सवय अजून लागलेली नाही.

डिझेल गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता असतो. डावीकडे इंजिनातल्या पाण्याचं तापमान, उजवीकडे त्या तापमानाला जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचं तो आकडा. आमच्या पिकअपमध्ये शंभर अंशांपर्यंत बासष्ट होता. पुढे एकशे चारला चोपन्न, एकशे आठला त्रेचाळीस, एकशे बाराला एकतीस, एकशे सोळाला अठरा. इंजिन तापलं की गाडी मरगळते, ड्रायव्हर शिव्या घालतो आणि इंजिन वाचतं. मग ड्रायव्हर येऊन म्हणतात, लिमिट उचला. ते फार सोपं असतं. वरचा आकडा खालच्या सगळ्या ओळींत चिकटवायचा, म्हणजे आपण तापलोय हे गाडीला कळतच नाही.

मी ते कोणाला करून देत नाही. एकदाच दिलं, घरच्या माणसाला. तळेगावच्या घाटात गाडी चढत नाही म्हणून तो आठवडाभर डोकं खात होता आणि मी भांडणाला वैतागले होते. चार ओळींत बासष्ट भरायला मिनिटही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, घाटातल्या तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं. तो उतरून बॉनेट उघडत होता, मागून कंटेनर आला. सगळ्यांनी कंटेनरवाल्याला दोष दिला. मीही दिला.

पिकअपला दुसरं इंजिन बसवलं, कॉम्प्युटर तोच राहिला. पंधरा दिवसांपूर्वी माझा धाकटा दीर राकेश ती गाडी चालवू लागला. जुने आकडे परत भरायला हवेत हे मला कळत होतं. रोज ठरवायचे आणि रोज हात मागे यायचा.

सोमवारी तो सरकीच्या ढेपीची पोती भरलेली गाडी घेऊन शेडमध्ये आला.

"वयनी, घाटात गाडी दम टाकून राह्यली. काटा वर गेला का ऐकतच नाई."

मी पान्हा खाली ठेवला. ती गाडी दम टाकूच शकत नव्हती.

"तेवढं लिमिट उचलून द्या न. दादाले दिलं होतं न तुम्ही?"

"नाई," मी म्हणाले. "कोणी सांगितलं तुले?"

"मले वाटलं." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. गाडी ठेवून तो जेवायला गेला.

तो सीटवरून उतरायच्या आधीच मी लॅपटॉप जोडून तक्ता वाचला होता. चोपन्न, त्रेचाळीस, एकतीस, अठरा. सगळे आकडे जागच्या जागी. तक्ता किती वेळा बदलला गेला याची नोंद कॉम्प्युटर स्वतः ठेवतो. ती नोंद एक होती. ते एकदा म्हणजे मीच; नंतर कोणीच नाही.

खरं सांगते, आधी भीती वाटली नाही. हायसं वाटलं. माझं पाप कोणीतरी पुसलं होतं.

पण राकेशच्या जिवाचा प्रश्न होता. गाडी खरंच आवरते का ते बघायला मी एकटीच निघाले. तळेगावपर्यंत गेले, वळले आणि पोत्यांसह चढाला लागले. लॅपटॉप शेजारच्या सीटवर उघडा होता. खिडकीतून झळा येत होत्या. पळस सुकून उभे होते.

शंभर. एकशे चार. आता ओढ कमी व्हायला हवी होती. झाली नाही.

एकशे आठ. गाडी गुमान चढत होती, प्रेमदास चालवायचा तशी, एका लयीत.

एकशे बारा.

तिसरं वळण दिसलं. माझा पाय दाबलेलाच होता. उचलायला हवा हे कळत होतं, पण उचलावासा वाटत नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला एकटं वाटत नव्हतं.

मागून ट्रकनं हॉर्न मारला. मी दचकून गाडी कडेला घेतली.

तक्ता उघडला. बासष्ट, बासष्ट, बासष्ट, बासष्ट.

"अहो," मी म्हणाले, "रागावलात का?"

इंजिन थंड होताना टिकटिकत राहिलं.

शेडमध्ये परतले तेव्हा राकेश वाट बघत होता. दोन्ही वेळी फरक फक्त सीटवरच्या माणसाचा होता. मी त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि तक्ता वाचला. चोपन्न, त्रेचाळीस, एकतीस, अठरा. त्याला उतरायला सांगितलं, स्वतः बसले. चारही ओळींत बासष्ट. पुन्हा त्याला बसवलं. चोपन्न.

"काय करून राह्यल्या वयनी?"

तेव्हा सांगितलं. त्याच्या भावाचं लिमिट मीच उचललं होतं, आणि ही गोष्ट दोन वर्षं गिळून बसले होते, हे सगळं.

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले. मग उतरला.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "दादानं फोनवर सांगतलं होतं. तुम्ही कधी बोलता, तेच पाहून राह्यलो होतो."

चावी बाकावर ठेवून तो पायीच निघून गेला. तो मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, आता बोलून टाकलं, आता तरी सुटले असेन. सीटवर जाऊन बसले आणि शेवटचं म्हणून वाचलं.

बासष्ट. बासष्ट. बासष्ट. बासष्ट.

आज गुरुवार. राकेश अजून फिरकलेला नाही. चावी माझ्याजवळच आहे, आकडे मी बदललेले नाहीत आणि पोतीही अजून उतरवलेली नाहीत.